नाशिकमध्ये एक दिवस वाइन आणि खाण्याचा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

थंडी पडायला लागली की मला येणाऱ्या निरोपांचा सूर बदलतो. "त्र्यंबकला अभिषेक किती वाजता होतो?" मागे पडतं आणि "सुलाला जायचंय, आणखी काय बघू?" सुरू होतं. घर गंगापूर रोडला, म्हणजे सुला वायनरीच्या वाटेवर, असल्याचा हा दंड. तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवली. माझ्या आवडीनिवडी अधूनमधून डोकावतील, त्या मुद्दाम काढल्या नाहीत.

१. वायनऱ्या नेमक्या कुठे आहेत? सगळ्या जवळजवळ आहेत ना?

नाहीत, आणि इथेच निम्म्या लोकांचा दिवस फसतो. नाशिकच्या वायनऱ्या चार दिशांना विखुरल्या आहेत. गंगापूर धरणाच्या बाजूला सुला, यॉर्क आणि सोमा. शहराच्या सगळ्यात जवळच्या याच, आणि तिघी एकमेकींच्या शेजारी म्हणाव्यात इतक्या जवळ. मुंबईकडून येताना इगतपुरी तालुक्यात सांजेगावला ग्रोव्हर झाम्पा आणि कावनईच्या बाजूला व्हॅलोने. उत्तरेला दिंडोरी तालुक्यात शाँदाँ आणि चारोसा. पूर्वेला निफाडकडे कुंदेवाडीची रेव्हेलो आणि पुढे विंचूरचा वाइन पार्क.

"सकाळी व्हॅलोने, दुपारी शाँदाँ, सूर्यास्ताला सुला" असा बेत दर हंगामात कुणीतरी मला पाठवतंच. नकाशावर तो छान दिसतो. प्रत्यक्षात तुम्ही द्राक्षबागा गाडीच्या काचेतून बघता आणि जेवण द्वारका चौकातल्या वाहतूक कोंडीत वेफर्सवर होतं. एका दिवशी एकच दिशा धरा.

२. मग एका दिवसात किती वायनऱ्या होतात?

दोन. तीन होतात, पण तिसरी आठवत नाही. साधा हिशेब करा: एका टेस्टिंगमध्ये, म्हणजे चव बघायला थोडी थोडी देतात त्यात, पाच-सहा वाइन, प्रत्येकी साधारण ३० मिलिलिटर. म्हणजे एका वायनरीत १५० ते १८० मिलिलिटर, एक भरलेला ग्लास आणि वर थोडी. दोन ठिकाणी मिळून अर्ध्या बाटलीच्या जवळ जातं. त्यानंतर जीभ दमते आणि सगळ्या रेड सारख्याच लागायला लागतात.

३. पहिल्यांदाच येतोय. दिवस कसा आखू?

गंगापूरची बाजू धरा. सकाळी साडेआठच्या आत मिसळ. बारदान फाट्याकडची 'साधना' चुलीवरच्या मिसळीसाठी ओळखली जाते आणि वायनऱ्यांच्या वाटेवरच पडते. सुट्टीच्या दिवशी नऊनंतर गेलात तर वाट बघावी लागते. मिसळ आणि पहिला ग्लास यांच्यात किमान दोन-अडीच तास जाऊ द्या. तिखटाने जीभ बधिर झालेली असते, तेव्हा कितीही चांगली वाइन दिली तरी पाण्यासारखी लागेल. मधल्या वेळात धरणाकडे चक्कर मारा. गंगापूर हे मातीचं धरण आहे, गोदावरीवरचं, आणि सकाळच्या उन्हात तिथे गर्दी नसते.

साडेअकराच्या सुमारास यॉर्क. जागा लहान आहे, समोर धरणाचं पाणी दिसतं आणि टेस्टिंग करून देणाऱ्या माणसाला प्रश्न विचारता येतात. यॉर्क आता सुलाच्याच मालकीची आहे, २०२१ मध्ये त्यांनी ती घेतली. पण दोन्हीकडचा अनुभव वेगळा आहे. तिथेच किंवा जवळपास जेवा, मग तास-दीड तास काहीही करू नका. मुक्काम असेल तर झोपा. चारनंतर सुला: आधी टूर, मग टेस्टिंग, मग बागेकडे तोंड करून बसायचं.

शक्यतो मंगळवार ते गुरुवार या. शनिवार-रविवारी, विशेषतः जानेवारी-फेब्रुवारीत, सुलाला जत्रा असते. जत्रा आवडत असेल तर खुशाल या, पण आरक्षण करून. वीकेंडला प्रवेशाचेही पैसे लागू शकतात, ते आधी बघून घ्या.

४. कोणत्या महिन्यात यावं? द्राक्षं कधी असतात?

घड लगडलेले बघायचे असतील तर जानेवारी ते मार्चची सुरुवात. काढणी याच काळात चालते.

याचं कारण थोडं गमतीचं आहे. युरोपात वेल हिवाळ्यात झोपतो, वसंतात फुटतो आणि काढणी सप्टेंबरच्या आसपास होते. आपल्याकडे त्याला झोपवणारी थंडीच नाही. म्हणून बागायतदार वर्षात दोनदा छाटणी करतो: एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी. पहिलीने काडी तयार होते, दुसरीने फळ धरतं. पावसाळ्यात वेल हिरवागार असतो पण घड नसतात. फळ पिकतं ते दिवसा ऊन आणि रात्री गारठा असलेल्या दिवसांत. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर आहे, त्याचा फायदा नेमका इथे होतो.

एप्रिल-मे टाळा. छाटलेली बाग म्हणजे तारेवर टांगलेल्या काड्या, आणि वर चाळिशीला टेकणारं ऊन. पावसाळ्याला मात्र लोक उगाच नाकं मुरडतात. जुलै-ऑगस्टमध्ये इगतपुरीची बाजू इतकी सुंदर असते की वाइन दुय्यम होते. घड दिसले नाहीत म्हणून रुसायचं नाही, एवढंच.

५. मुंबईहून सकाळी निघून रात्री परतता येईल का?

येईल. नाशिक साधारण १६५-१७० किलोमीटर. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाल्यापासून कसारा घाटातली रखडपट्टी टळते. पण एका दिवसात परतणाऱ्यांनी गंगापूरचा हट्ट सोडावा आणि इगतपुरीची बाजू करावी. येता-जाता शहराची गर्दी लागत नाही आणि मुकणे धरणाच्या परिसरातली शांतता पदरात पडते.

रेल्वेने यायचं तर सीएसएमटीहून शिर्डीला जाणारी वंदे भारत पहाटे निघून नऊच्या आसपास नाशिक रोडला पोचवते आणि संध्याकाळी परत नेते. कोणत्या वारी धावत नाही ते तिकीट काढताना बघा. पंचवटी एक्सप्रेसचं नाव बऱ्याच जणांच्या डोक्यात असतं, पण ती सकाळी मुंबईकडे जाते आणि संध्याकाळी मुंबईहून सुटते. आमच्या सोयीची गाडी आहे ती, तुमच्या नाही. आणखी एक: नाशिक रोड स्टेशन म्हणजे नाशिक शहर नव्हे. तिथून गंगापूरच्या वायनऱ्या गाठायला पाऊण तास धरा.

६. आणि पुण्याहून?

एका दिवसात नको. सव्वादोनशे किलोमीटरच्या आतबाहेर अंतर, थेट रेल्वेमार्ग नाही. मुक्काम करा. वाटेत नारायणगाव लागेल. महाराष्ट्रातल्या आधुनिक वाइनची गोष्ट १९८० च्या दशकात तिथे सुरू झाली, शामराव चौगुले यांच्या इंडाज या कंपनीपासून. त्यांची 'ओमर खय्याम' ही बुडबुड्यांची वाइन तेव्हा परदेशातही विकली जायची. नाशिकचा नंबर नंतरचा: राजीव सामंत यांनी सुलाची बाग नव्वदच्या दशकात लावली, पहिली वाइन बाजारात आली २००० साली, आणि राज्याचं द्राक्ष प्रक्रिया धोरण २००१ मध्ये. पुणेकरांना दिशा बदलायची असेल तर अकलूजची फ्रतेली वायनरी आहे. मोहिते-पाटील आणि इटालियन भागीदार असा तो मेळ आहे, त्यामुळे सांजोव्हेजे ही इटलीची द्राक्षजात सोलापूर जिल्ह्याच्या उन्हात बघायला मिळते.

७. वाइनमधलं काहीच कळत नाही. टेस्टिंगला गेलो तर हसं होईल का?

होणार नाही. समोरचा माणूस दिवसाला शंभर नवख्यांना तेच सांगत असतो. ग्लास दांडीला धरा, हाताची ऊब वाइनला लागू देऊ नका. आधी वास घ्या, मग ग्लास फिरवून पुन्हा वास घ्या. दोन वासांत फरक जाणवला तर अर्धं शिक्षण झालं. घोट तोंडात जरा घोळवा. पेरू, लिंबाची साल, हिरवी मिरची, काळी मिरी, जे आठवेल ते बोला. पुस्तकात 'गूजबेरी' (युरोपातलं एक आंबटसर फळ) लिहिलेलं असतं. सोव्हिन्यो ब्लाँ ही पांढरी वाइन हुंगल्यावर मला कच्चा पेरू आणि ढोबळी मिरची आठवते, आणि ते चूक नाही.

न आवडलेली वाइन थुंकायला किंवा ओतायला भांडं ठेवलेलं असतं. ते वापरणं हा अपमान नव्हे. सगळं संपवायलाच हवं हा पंगतीतला नियम इथे लागू नाही. जाण्याआधी तासभर पान, बडीशेप, मिंट यातलं काही खाऊ नका, आणि भरपूर अत्तर लावून शेजाऱ्याचं नाक बिघडवू नका.

शेनँ ब्लाँ या पांढऱ्या द्राक्षजातीची वाइन नक्की चाखा. नाशिकमध्ये ती भरपूर लावली जाते आणि आपल्या खाण्याशी तिचं जमतं, त्याबद्दल पुढे.

८. मिसळीसोबत वाइन चालते का? आपल्या जेवणाला कोणती वाइन घ्यावी?

हा माझा आवडता प्रश्न.

रेड वाइनमध्ये द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून आलेला तुरटपणा असतो. तिखटावर तो पडला की तिखट आणखी बोचतं. अल्कोहोलही जळजळ वाढवतं. म्हणून तर्रीदार मिसळीसोबत कॅबर्नेसारखी रेड घेणं म्हणजे विस्तवात तेल. तिखटाला हवी किंचित गोडसर, थंडगार, कमी तुरट वाइन. शेनँ ब्लाँ इथे बसते. तरी खरं सांगू का, नाशिकच्या मिसळीला सोबत पापड, दही आणि नंतर चहा. तिथे वाइनने लुडबूड करू नये.

तळणीचं मात्र उलट. साबुदाणा वडा, बटाटे वडा, कोथिंबीर वडी, भजी, यांना बुडबुड्यांची वाइन लाजवाब. तिचा आंबटपणा तेलकटपणा कापतो आणि बुडबुडे जीभ धुऊन काढतात. शहरातल्या 'सायंतारा'चे साबुदाणा वडे बांधून आणून घरी ब्रूट (गोड नसलेल्या) स्पार्कलिंगसोबत खाणं हा आमच्याकडचा ठरलेला कार्यक्रम आहे. वायनरीत बाहेरचं खाणं चालत नाही, म्हणून घरी.

काळ्या मसाल्याचं मटण आणि शिराझ ही रेड वाइन, ही नाशिकची जोडी आहे असं माझं ठाम मत आहे. भाजलेलं खोबरं, कांदा, मसाल्याचा धुरकट वास, आणि शिराझमध्ये अंगचीच काळ्या मिरीची झाक. अट एकच: रस्सा बेताचा तिखट. झणझणीत असेल तर शिराझ बाजूला ठेवा आणि थंड रोझे, म्हणजे गुलाबी वाइन, घ्या. आणि रेड 'रूम टेंपरेचरला' प्यायची हे युरोपातल्या गार खोल्यांबद्दल आहे. आपली मार्चमधली खोली ३० अंशांवर असते. बाटली फ्रिजमध्ये ठेवून १६ ते १८ अंशांवर आणा.

पिठलं-भाकरी-ठेच्याला शेनँ किंवा रोझे. पुरणपोळीला काहीच नको. गोड पदार्थासोबतची वाइन त्या पदार्थाहून गोड असावी लागते, आणि पुरणाला हरवणारी वाइन मी अजून चाखलेली नाही. श्रीखंडाबरोबर लेट हार्वेस्ट शेनँ, म्हणजे उशिरा काढलेल्या द्राक्षांची गोड वाइन, करून बघा. श्रीखंडाचा आंबटपणा तिला सांभाळून घेतो.

९. वायनरीतच जेवायचं की बाहेर?

दुपारचं आत, सकाळचं आणि रात्रीचं बाहेर. वायनऱ्यांमधलं जेवण ठीक असतं, पिझ्झा-पास्ताकडे झुकलेलं आणि शहरापेक्षा महाग. पण टेस्टिंगनंतर भुकेल्या पोटी गाडीत बसण्यापेक्षा ते कधीही बरं. परतताना कोंडाजीचा चिवडा आणि बुधा हलवाईची जिलेबी घ्यायला विसरू नका.

१०. मी पीत नाही. मुलं आणि सासूबाईही सोबत आहेत. आम्ही काय करायचं?

टूर करा. पोलादी टाक्या, थंड खोलीत ओळीने मांडलेली ओकची पिंपं, द्राक्ष आत येण्यापासून बाटली बाहेर पडेपर्यंतचा प्रवास: दहा-बारा वर्षांच्या मुलाला हे एखाद्या कारखान्याच्या सहलीइतकंच रंजक वाटतं. बऱ्याच ठिकाणी मुलांना आवारात आणि उपाहारगृहात येऊ देतात, टेस्टिंगच्या टेबलाशी नाही. आरक्षण करताना विचारा. माझ्या एका काकूंनी "दारूच्या गुत्त्यात मी येणार नाही" म्हणून दीड तास गाडीत बसायचं ठरवलं होतं. दहाव्या मिनिटाला त्या आत आल्या आणि बागेच्या माळ्याशी ठिबक सिंचनावर बोलत राहिल्या.

११. वयाची अट काय? ओळखपत्र लागतं का?

लागतं, मूळ किंवा डिजिलॉकरमधलं. २१ च्या खाली वाइन मिळणार नाही हे धरून चाला. कडक दारूसाठी राज्यात वय २५ आहे, त्यामुळे २१ ते २५ मधल्यांनी त्या त्या वायनरीला आधी विचारून घ्यावं, म्हणजे दारात वाद नको.

१२. ड्राय डेला वायनरी उघडी असते का?

आवार कदाचित उघडं असेल, पण टेस्टिंग आणि विक्री बंद. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर लक्षात राहतात. लोक फसतात ते आषाढी आणि कार्तिकी एकादशीला, अनंत चतुर्दशीला, आणि हंगामाच्या ऐन मध्यात येणाऱ्या ३० जानेवारीला. निवडणूक असेल तर मतदान संपण्याआधीचे ४८ तासही कोरडे, आणि मतमोजणीचा दिवसही. जोडून सुट्टी बघून आरक्षण करण्याआधी ही यादी तपासा.

१३. टेस्टिंगचे चार घोट तर घ्यायचेत. गाडी चालवली तर काय बिघडतं?

प्रश्न २ मधला हिशेब पुन्हा बघा. ते चार घोट नाहीत, एक ग्लास आहे, आणि वाइनमध्ये १२ ते १४ टक्के अल्कोहोल असतं. कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम. ती एका-दीड ग्लासात ओलांडू शकते. पहिल्यांदा पकडलं गेलं तरी दहा हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. शिवाय गंगापूरचे रस्ते रात्री अंधारे असतात.

दिवसभरासाठी टॅक्सी ठरवा. जाताना ॲपवरून गाडी मिळते, रात्री आठनंतर धरणाच्या बाजूने परतीची मिळेलच असं नाही. मी स्वतः एका रविवारी पावणेदोन तास फाटकाशी उभा होतो.

१४. बागेतली द्राक्षं तोडून खाल्ली तर चालतात का?

नको. भुरी आणि डाऊनी या बुरशीच्या रोगांसाठी फवारण्या झालेल्या असतात, आणि ते कुणाचं तरी पीक आहे. शिवाय निराश व्हाल. वाइनच्या द्राक्षाचा मणी बारीक, साल जाड, आत बिया. गोड मात्र खाण्याच्या द्राक्षांपेक्षा जास्त. एका बाटलीला असं किलोभराहून जास्त द्राक्ष लागतं. खायची असतील तर फेब्रुवारी-मार्चमध्ये दिंडोरी रस्त्याला थॉमसन, सोनाका, शरद यांच्या पेट्या मिळतात.

१५. पायाने द्राक्षं तुडवायला मिळतात ना? तीच वाइन मिळते का?

हंगामात काही वायनऱ्या तो खेळ ठेवतात. मजा येते, फोटो चांगले येतात, कपडे जुने घाला. त्या द्राक्षांची वाइन बाटलीत जात नाही, निश्चिंत असा.

१६. वाइन शाकाहारी असते का?

द्राक्ष आणि यीस्ट, म्हणजे शाकाहारी, असं वाटतं खरं. पण गढूळ वाइन नितळ करायला जगभरात अंड्याचा पांढरा बलक, दुधातलं केसिन, जिलेटिन किंवा माशापासून मिळणारा पदार्थ वापरण्याची जुनी पद्धत आहे. तो नंतर गाळला जातो. पर्याय म्हणून बेंटोनाइट नावाची माती वापरतात, विशेषतः पांढऱ्या वाइनला. घरात कडक शाकाहार असेल तर टूरवरच्या माणसाला थेट विचारा: "ही बाटली कशाने नितळ केली?" हा प्रश्न त्यांना नवा नसतो.

१७. त्र्यंबकेश्वराचं दर्शन आणि वायनरी एकाच दिवशी जमेल का?

वेळेचं गणित जमतं. त्र्यंबक तीसेक किलोमीटरवर, पहाटे दर्शन, दुपारी गंगापूर. पण सोमवार, श्रावण आणि महाशिवरात्रीला रांग किती लांबेल सांगता येत नाही, मग टेस्टिंगची वेळ हुकते. योग्य-अयोग्य तुमचं तुम्ही ठरवा. आमच्याकडे येणारे निम्मे पाहुणे दोन्ही करतात, फक्त घरी एकच सांगतात. २०२७ च्या सिंहस्थात मात्र हा बेत आखूच नका.

१८. बाटल्या घेऊन सापुताऱ्याला जातोय. काही अडचण?

मोठी अडचण. दिंडोरी-वणीवरून सापुतारा सरळ रस्त्यावर आहे, पण ते गुजरातमध्ये आहे आणि गुजरातमध्ये दारूबंदी आहे. सीमेवर तपासणी होते. बिल असलं, बाटली बंद असली, तरी फरक पडत नाही. आधी सापुतारा करा, बाटल्या परतीच्या वाटेवर घ्या.

महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात नेताना बिल जपून ठेवा. विमानाने नेत असाल तर चेक-इन सामानात, कपड्यांत गुंडाळून. उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत ठेवू नका. तासाभरात वाइन उकडते आणि चव शिजवलेल्या मनुकांसारखी होते. बाटल्या निवडताना तुमच्या गावच्या दुकानात मिळते ती घेऊ नका, फक्त वायनरीत मिळते ती घ्या.

१९. अर्धी बाटली उरली. किती दिवस टिकते?

झाकण लावून फ्रिजमध्ये उभी ठेवा, रेडसुद्धा. पांढरी आणि रेड तीन दिवस, बुडबुड्यांची दुसऱ्या दिवसापर्यंत. त्यानंतर पिण्यात गंमत नाही. उरलेली शिराझ मटण परतताना पळीभर घाला, पाणी घालण्याआधी, आणि वास उडेपर्यंत आच मोठी ठेवा.